मोरियार्टी एक भाग आधीच दिसतो, ते योग्यच
ग्रॅनाडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीच्या शेरलॉक होम्स मालिकेतल्या 'द फायनल प्रॉब्लेम'मध्ये मूळ कथेत नसलेली मोनालिसाची चोरी उगाच घुसडली, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. १८९३च्या कथेत कॉनन डॉयल एवढंच सांगतो की होम्स फ्रेंच सरकारच्या एका महत्त्वाच्या कामात गुंतला होता. ते काम कोणतं, ही जागा त्याने मोकळी सोडली आणि मालिकेने तीच भरली. शिवाय कथेत होम्सचा कट्टर शत्रू मोरियार्टी अचानक उपटतो. इथे मात्र आधीच्याच, लाल केसवाल्यांच्या ('द रेड-हेडेड लीग') भागात तिथल्या दरोड्यामागे तो आहे हे आपण पाहिलेलं असतं, त्यामुळे मोरियार्टी झालेला एरिक पोर्टर होम्सच्या खोलीत येऊन उभा राहतो तेव्हा धमकी खरी वाटते.

पण माझा जीव अडकलाय तो शेवटच्या काही मिनिटांत. धबधब्याचा आवाज, खडकाला टेकवलेली होम्सची काठी, सिगारेटची डबी आणि होम्सने मागे ठेवलेली ती निरोपाची चिठ्ठी. होम्सचा मित्र वॉटसन झालेला डेव्हिड बर्क ती वाचताना रडारड करत नाही, नुसता चेहरा उतरत जातो. हा बर्कचा शेवटचा भाग. १९८६मध्ये होम्स परत आला तेव्हा वॉटसन एडवर्ड हार्डविक झाला होता. तोही उत्तमच, पण मित्र गमावल्याचं दुःख बर्कनेच दाखवलं. होम्स साकारणाऱ्या जेरेमी ब्रेटच्या कौतुकात बर्कचं नाव मागे पडतं, याचं मला फार वाईट वाटतं.