मुंबईच्या रात्रीच्या गाडीचा जनरेटर गप्प का?

चादरवाला: चादरींचा धंदा आहे, महिन्यातून दोन खेपा मुंबईला, रात्रीच्या गाडीनं. पूर्वी डबा जनरेटरच्या डब्याला लागून आला की झोपेचं खोबरं. सोलापूरच्या फलाटावर सोडायला आलेल्या पोराशी बोलायचं तरी ओरडावं लागायचं. हल्ली तो डबा गाडीला असतो, पण गप्प. एसी मात्र चालू! मग वीज येते कुठनं? आणि शेजारच्या बर्थवरचा एकजण सांगत होता, घाट उतरताना गाडी उलटी वीज बनवते म्हणून. थाप का ओ ही?

स्विचबोर्ड: थाप नाही. पहिल्याचं उत्तर हेड ऑन जनरेशन. इंजिन वरच्या तारेतून २५ हजार व्होल्टची वीज घेतं, त्यातलाच वाटा ७५० व्होल्ट करून डब्यांना देतं. जनरेटरचा डबा अडीनडीला ठेवतात. मधेच एसीची घरघर थांबून पुन्हा सुरू होते ना? तिथं तारेत वीज नसलेला तुकडा असतो, न्यूट्रल सेक्शन.

निवृत्त पायलट, होटगी रोड: रेल्वे इंजिन चालवायचो, घाटाचं मी सांगतो. लोणावळा ते कर्जत उतार जवळपास साडेपाचशे मीटरचा, काही ठिकाणी ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर खाली. थ्री-फेज मोटारींच्या नव्या विजेच्या इंजिनात ब्रेक हँडल ओढलं की मोटारीच जनित्र होतात आणि वीज तारेत परत जाते. समोरून कोणी घाट चढत असेल तर ती गाडी ती ओढून घेते. आमच्या इंजिनात मीटर असतो, घेतली किती आणि दिली किती दोन्ही दाखवतो. ड्युटी संपली की रीडिंग लिहायचं.

पण घाटाचं कौतुक फार होतं. तिथं उतारच काम करतो, पायलटनं वेगळं काय केलं? खरी बचत आपल्याकडच्या सपाट पट्ट्यात, दौंड-कुर्डुवाडी-मोहोळ. मी निम्मी नोकरी डिझेलवर काढली, इकडं तारा आल्यावर पन्नाशीत नवं शिकलो. पहिला धडा हाच, की पॉवर कधी काढून घ्यायची. स्टेशन यायच्या कितीतरी आधी हँडल शून्यावर आणायचं आणि गाडी नुसती पळू द्यायची. याला कोस्टिंग म्हणतात. वेळापत्रकात दोन मिनिटं हातात असतील तर जमतं. लेट असलात तर शेवटपर्यंत ओढायचं आणि मग करकचून ब्रेक.

हिशोबच घ्या. लांब एलएचबी (नव्या धाटणीच्या डब्यांची) गाडी इंजिनासकट सव्वाहजार टन धरली, तर ताशी ११०च्या वेगात तिच्या अंगात वेगाच्या रूपानं साधारण १६० युनिट ऊर्जा असते. समोर लाल सिग्नल आला की तेवढे उतरवायचे. इंजिनानं ब्रेक धरला तर त्यातले काही परत मिळतात, डब्यांच्या ब्रेकनं थांबवली तर सगळे तापून गेले. वर पुन्हा वेग धरायला तेवढेच नव्यानं. म्हणून आम्ही डबल पिवळा सिग्नल, म्हणजे पुढं थांबावं लागेल याची आगाऊ सूचना, दिसला की सरसावून बसायचो. दुहेरी मार्गानं क्रॉसिंगची, म्हणजे समोरच्या गाडीला वाट द्यायची, थांबाथांब गेली, तीच मोठी बचत. तिचा फलक कुठंच लागत नाही.

आडमुठा: काय ओ, वीज शेवटी कोळशाचीच ना? धूर जनरेटरच्या डब्यातून निघून सोलापूरजवळच्या फताटेवाडीला गेला, १३२० मेगावॅटच्या वीज केंद्राच्या चिमणीत. त्यात कौतुक कसलं?

निवृत्त पायलट, होटगी रोड: मुद्दा खोटा नाही. रेल्वेनं २०३०पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणायचं, उद्दिष्ट ठेवलंय ते त्यासाठीच, सौर आणि वाऱ्याची वीज घेऊन. पण उद्या तारेत सौर वीज आली तर हेच इंजिन हेच डबे चालवेल. डब्यातला डिझेलचा जनरेटर जन्मभर डिझेलच पिणार. बाकी कोळसा जाळायचाच, तर निदान सिग्नलखाली उभं राहून नको.

चादरवाला: काका, आमच्या घरचं बिल महिन्याला शंभर युनिटच्या आसपास. काल मोहोळच्या अलीकडं गाडी ब्रेक मारून वीस मिनिटं उभी राहिली. वरच्या बर्थवर पडल्यापडल्या बायकोला म्हटलं, गेलं बघ आपलं दीड महिन्याचं. ती म्हणाली, झोपा आता.