विषय: सोमतम आणि मिरच्यांचा हिशेब

प्रेषक: एआयटीतला विद्यार्थी, रंगसित

नमस्कार मंडळी,
परवा एआयटीतल्या (एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, थायलंड) वर्गातल्या पोरांबरोबर संध्याकाळच्या बाजारात सोमतम, म्हणजे कच्च्या पपईची तिखट थाई कोशिंबीर, खायला गेलो. एक ईशान्य थायलंडमधल्या खोन केनचा, एक म्यानमारचा, दोघे नेपाळी आणि आम्ही तिघे मराठी. आमच्यातल्या जळगावकराने "आमच्याकडे ठेचा भाकरीला लावून खातात" असं ऐटीत जाहीर केलं. खोन केनवाल्याने ते लगेच सोमतमच्या गाडीवरच्या मावशींच्या कानावर घातलं. दुसऱ्या घासाला जळगावकराचे कान लाल! सांगलीची मुलगी शाकाहारी, ती नुसता चिकट भात चिवडत बसली. जाणकारांनी मार्ग सांगावा: तिखट कमी कसं करायचं, आणि तिने खायचं काय?

---

प्रेषक: काकू, ऑन नुत

अरे, ठेच्यातली मिरची आपण तव्यावर परतून घेतो, वर तेल आणि दाणे. सोमतममध्ये ती कच्चीच असते, आणि लिंबू-ताडगुळामुळे पहिला घास गोडसर लागतो. माणूस गाफील राहतो तो तिथेच.

मावशींचे हात बघत जा. आधी लसूण-मिरची कुटतात, मग ताडगूळ, चवळीच्या शेंगा, दाणे, सुकट, टोमॅटो, लिंबू आणि माशाचं पाणी, म्हणजे 'नाम प्ला'. पपईचा कीस शेवटी. एका हातात लाकडी मुसळ, दुसऱ्या हातात पळी. मुसळ हलकेच मारायचं आणि पळीने खालचं वर करायचं. मिरची उखळात पडण्याआधीच "सॉंग मेत" म्हणायचं, म्हणजे दोनच. नंतर ती काही निघत नाही. तोंड पोळलं तर बर्फाचं पाणी पिऊ नका, तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. चा येन, म्हणजे थंडगार थाई चहा घ्या, त्यात दूध असतं. सोबत मिळणारी कच्ची कोबी आणि चिकट भात टाकून देऊ नका, ते त्यासाठीच असतात.

सांगलीच्या लेकीला सांग, नुसतं "माय साय नाम प्ला", म्हणजे माशाचं पाणी घालू नका, म्हणून भागणार नाही. त्याच उखळात आधीच्या गिऱ्हाइकाचा खारवलेला खेकडा नाहीतर प्ला रा, म्हणजे आंबवलेला मासा, कुटलेला असतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात 'जे', म्हणजे कडक शाकाहारी, असं लिहिलेली गाडी शोधायची. तिथे मासे-मटण-अंडं तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. जे सणाचे नऊ दिवस बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्याच सुमारास येतात; तेव्हा यावारातला, बँकॉकच्या चायनाटाउनात, घेऊन जा तिला, अख्खा रस्ता पिवळा असतो.

---

प्रेषक: एक जुना सभासद, बँकॉक

काकूंचं बाकी सगळं मान्य, पण दोन मिरच्यांची सोमतम मला कोशिंबीरच वाटते. आणि प्ला रा घातलेली ईसानची, म्हणजे ईशान्य थायलंडची, सोमतम एकदा तरी खाच रे. वास उग्र, पण ज्यांच्या घरी पावसाळ्यात सुका बोंबील भाजतात त्यांना काही वाटणार नाही.

---

प्रेषक: एआयटीतला विद्यार्थी, रंगसित

काकू, धन्यवाद! फाटकाबाहेर 'जे'ची गाडी सापडली. सांगलीकरणीने तिथे टोफू-भाजीच्या नूडल्स दोनदा मागून घेतल्या. शुक्रवारी पुन्हा बाजारात जातोय. जळगावकर "हा मेत", म्हणजे पाच मिरच्यांवर अडून बसलाय. चा येनचे पैसे त्याने स्वतःच भरायचे, असं सर्वानुमते ठरलंय. कुणाला यायचं असेल तर गुरुवारपर्यंत कळवा.