डिस्क गायब होते म्हणून यूपीएस घ्यायचा?

तिसरा मजला :
“घरच्या फाइल सर्व्हरची डिस्क अधूनमधून गायब होत असेल, तर दोष आपल्याकडच्या विजेचा, ६०० व्हीएचा यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर पुरवठा चालू ठेवणारे उपकरण) घ्या आणि निश्चिंत व्हा,” असा सल्ला परवा एका सदस्याने दिला आणि त्याखाली धन्यवादांची रांग लागली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. रास्पबेरी पाय ४ (एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक, पुढे नुसता ‘पाय’) आणि त्यालाच टोचलेल्या अडीच इंची दोन डिस्क अशी मांडणी असेल (इथे बहुतेकांची तीच असते), तर भिंतीतल्या २३० व्होल्टांआधी अडॅप्टरपुढचे ५ व्होल्ट तपासावेत. पायच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरची मर्यादा आहे आणि फिरायला लागताना एकेक डिस्क एकटीच १ अँपिअरच्या आसपास ओढते. त्यात केबल मोबाइलची, जुनी. तिचा जाता-येता रोध पाव ओहम धरला, तरी २ अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच जिरतो, अडॅप्टरने ५.१ दिले तरी बोर्डापाशी ४.६ पोहोचतात आणि ४.६३ च्या खाली पाय स्वतःच कमी व्होल्टेजची नोंद करतो. थ्रॉटलिंगची (पायने स्वतःचा वेग आवरल्याची) माहिती विचारणारी आज्ञा देऊन ती नोंद पाहता येते. झीरो एक्स ५०००५ असे उत्तर आले, तर पहिला ५ कमी व्होल्टेज आणि थ्रॉटलिंग आधी घडून गेल्याचा आणि शेवटचा ५ ते आत्ता घडत असल्याचा. यूपीएस या सगळ्याच्या मागे, भिंत आणि अडॅप्टर यांच्या मध्ये बसतो. तो यात काय करणार?

निमशहरी :
तो सल्ला माझा होता, तेव्हा नाव घेऊन बोललात तरी चालले असते. आपण शहरात राहता हे आपल्या वाक्यावाक्यातून कळते. आमच्याकडे कृषिपंप सुरू झाले की १६० व्होल्ट आणि मध्यरात्री २६० असतात. मागच्या पावसाळ्यात खांबावर न्यूट्रल (विजेची परतीची तार) तुटला आणि गल्लीतल्या निम्म्या घरांचे टीव्ही व फ्रिज गेले. तक्रार लिहून घेणाऱ्याने “पंखे बंद ठेवायचे होते” असे उत्तर दिले. पाव ओहमचे हिशेब त्याला ऐकवा.

तिसरा मजला :
अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, त्यामुळे आपल्या १६० चे त्याला काही वाटत नाही. न्यूट्रल तुटला की घरात ४०० च्या जवळपास व्होल्टेज शिरू शकते. तिथे स्वस्त यूपीएस स्वतःच आधी जळेल. त्यासाठी मीटरनंतर जादा व्होल्टेजला पुरवठा तोडणारे उपकरण बसवतात.

बॅटरीबहाद्दर :
दोघांनाही नमस्कार. घरात इन्व्हर्टर असताना वेगळा यूपीएस हवाच कशाला? मागची कळ यूपीएस मोडवर ठेवली की वीज गेल्यावर साधारण १० मिलिसेकंदांत बॅटरी हाती घेते आणि पायला पत्ताही लागत नाही.

जुना वायरमन :
कृपा करून हा सल्ला निमशहरींना देऊ नका. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० च्या खालचे व्होल्टेज स्वीकारतच नाही. त्यांच्याकडे १६० आले की वीज असूनही तो बॅटरीवर जाईल, पंप बंद होईपर्यंत तिथेच राहील आणि खरी वीज जाईल तेव्हा बॅटरी रिकामी असेल. असे रोज झाले की बॅटरी अकाली बसते, आणि मग लोक आमच्या नावाने ओरडतात. डिस्टिल्ड वॉटर घाला म्हणून सांगितले, तर नळाचे पाणी घालणारी गिऱ्हाइके मी पाहिली आहेत.

बॅटरीबहाद्दर :
नळाचे पाणी कोणी घातले? माझी बॅटरी ट्यूब्युलर आहे आणि उत्तम चालते आहे. वायरमन मंडळींना दर वर्षी नवी बॅटरी विकायची असते, एवढाच याचा अर्थ.

जुना वायरमन :
मी बॅटऱ्या विकत नाही. आपला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असावा. बॅटरीवर असताना पंखा आवाज करत घुमतो का, एवढे सांगा, त्यावरून ते कळते.

बॅटरीबहाद्दर :
घुमतो. त्याचा डिस्कशी संबंध काय?

तिसरा मजला :
काहीही नाही, आणि म्हणूनच पंख्यांसाठी वेगळा धागा काढावा. निमशहरींनी डिस्कच्या स्मार्ट माहितीतला (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) १९२ क्रमांकाचा आकडा पाहावा. पार्किंगला, म्हणजे डिस्कचे वाचणारे टोक सुरक्षित जागी नेण्याला, न सांगता वीज तुटली की तो वाढतो. वीज न जाताही तो वाढत असेल, तर डिस्क ५ व्होल्टांवरच उपाशी आहे.

निमशहरी :
पाहिला. वीज अजिबात न गेलेल्या दिवशीही तो वाढला होता, हे सांगताना आपल्याला किती आनंद होईल याची कल्पना आहे. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब (एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारे उपकरण) आणून दोन्ही डिस्क त्याला लावल्या आणि त्यानंतर डिस्क गायब झालेली नाही. म्हणून यूपीएस काढून टाकणार नाही. फाइल लिहिली जात असताना वीज गेली, तर आपला पाव ओहम ती फाइल परत आणून देणार आहे का?

तिसरा मजला :
नाही आणणार, त्यापुरता आपला यूपीएस मान्य. मात्र हब पायला उलटी वीज पुरवत नाही ना, हे आजच बघा. पायची केबल काढल्यावरही पायच्या बोर्डावरचा लाल दिवा मिणमिणत राहिला, तर तो हब परत करा.

जुना वायरमन :
आणि परत करताना पावती न्या. दुकानदार दिव्याचे ऐकत नाही.