चिनताबारादेन ते तिनझाउआतेन: सूडहत्यांचे आकडे इतके का फिरतात?

प्रश्न : पाऊलखूण

नायजरमधल्या चिनताबारादेनवर टिपण लिहायचं आहे. मे १९९० मध्ये तुआरेग (सहारातली भटकी जमात) तरुणांच्या एका गटाने तिथे सरकारी ठाण्यावर हल्ला केला आणि त्यानंतर सैनिकांनी आसपासच्या वस्त्यांवर जाऊन सामान्य माणसं मारली, इथपर्यंत फारसा वाद नाही. पण सरकारी आकडा शंभराच्या आतला, तर तुआरेग संघटनांचा हजाराच्या वर. शेजारच्या मालीतल्या अशा घटनांतही हाच घोळ आहे. कोणता आकडा धरायचा? आणि 'चकमकीनंतरची कारवाई' असं लिहिलेलं चालेल का?

उत्तर १ : नोंदवही

मधला आकडा काढू नका. दोन्ही बाजू एकच गोष्ट मोजत नसतात. सरकारी आकड्यात बहुधा एका कारवाईतले, हाती आलेले मृतदेह असतात. संघटनांच्या आकड्यात पुढच्या काही आठवड्यांतले बेपत्ता, कोठडीत दगावलेले, पळून जाताना तहानेने मेलेले असे सगळे येऊ शकतात. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तीन गोष्टी लिहा : कोण सांगतंय, किती दिवसांचा, किती परिसराचा. यातलं एक जरी कळत नसेल, तरी तो दावा आहे असं स्पष्ट म्हणा.

खरा भरवसा नावांच्या यादीवर. पण तुआरेग यादी वाचताना आपली सवय आड येते. 'मोहम्मद अग अल्हसन' यात आडनाव नाहीच. 'अग' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'वालेत' म्हणजे अमक्याची मुलगी. एकाच टोळीत या नावाचे पाच जण सहज निघतात. एका यादीत 'मोहम्मद अग अल्हसन' आणि दुसरीत 'मोहामेद अग अलहासान' दिसला, की घाईत एकाला दोन मोजलं जातं. उलट दोन वेगळी माणसं एक समजून पुसलीही जातात. निदान आजोबांचं नाव, टोळी, अंदाजे वय आणि कोणत्या विहिरीवर मुक्काम होता, एवढं जुळल्याशिवाय नोंदी एकत्र करू नका. भटक्या कुटुंबांकडे जन्मदाखला नसतो, त्यामुळे कागदावर ताडून बघायची सोय फार कमी.

ठिकाणांचंही तसंच. 'इन' किंवा 'तिन'ने सुरू होणारी नावं वाळवंटभर आहेत, आणि फ्रेंच स्पेलिंग प्रत्येकाचं निराळं. जिल्हा आणि जवळचं मोठं गाव लिहिल्याशिवाय नुसतं नाव निरुपयोगी.

उत्तर २ : कलम१३

'चकमकीनंतरची कारवाई' लिहू नका. चकमक म्हणजे दोन्हीकडे हत्यारं हवीत. इथे क्रम ठरलेला दिसतो : ठाण्यावर किंवा ताफ्यावर हल्ला होतो, हल्लेखोर गाड्यांतून निसटतात, आणि सैन्य जवळच्या बिऱ्हाडांवर जातं. तिथे म्हातारे, बायका, गुराखी असतात. तागेलमुस्त, म्हणजे डोक्या-चेहऱ्याभोवतीचं लांब फडकं, उजळ रंग आणि तुआरेगांची तामाशेक बोली एवढ्यावर माणूस बंडखोर ठरतो. उत्तर मालीतल्या किदालच्या १९६३-६४ च्या तुआरेग बंडात तर विहिरींत विष टाकणं आणि जनावरं मारणं हाच सैन्याच्या मोहिमेचा भाग झाला. भटक्यांची विहीर बुजवली, की गोळी न झाडताही वस्ती उठते. म्हणून जनावरं आणि विहिरींचं नुकसान वेगळं नोंदवा. ते मृतांच्या आकड्यात दिसतच नाही.

कायद्याचं म्हणाल, तर देशांतर्गत युद्धात जिनिव्हा करारांचं सामाईक कलम ३ लागू होतं : जो लढत नाही त्याला मारता येत नाही. त्याच करारांना जोडलेल्या दुसऱ्या पूरक करारात कलम ४ सामूहिक शिक्षेला बंदी घालतं, कलम १३ नागरिकांवरच्या हल्ल्याला. 'आधी त्यांनी आमचे जवान मारले' हा बचाव होऊच शकत नाही. जानेवारी २०१२ मध्ये उत्तर मालीतल्या आगेलहोकला पकडलेल्या मालीच्या सैनिकांना मारण्यात आलं, तो स्वतंत्र गुन्हा आहे आणि तोही लिहिला पाहिजे. पण त्यानंतर राजधानी बामाकोत तुआरेग आणि अरब कुटुंबांची घरं, दुकानं फोडली गेली, त्याचं समर्थन त्यातून होत नाही.

एक सूचना. 'प्रतिशोध' हा शब्द हेतू सांगतो. आदेश कुणी दिला हे ठाऊक नसेल, तर 'हल्ल्यानंतर अमुक दिवसांनी, अमुक अंतरावर' एवढंच लिहा. हेतू वाचकाला त्यातून दिसतो.

उत्तर ३ : उंचावरून

अलीकडच्या घटनांसाठी उपग्रहाचा उपयोग होतो, पण मर्यादा ओळखून. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा. त्यात कातड्याचं पाल दिसत नाही, माणूस तर नाहीच. जळालेल्या वस्तीचा काळा डाग मात्र दिसू शकतो. नासाच्या आगीच्या नोंदींत ३७५ मीटरपर्यंतचा तपशील मिळतो. पण साहेलमध्ये, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात, कोरड्या दिवसांत गवतही पेटतं, म्हणून नुसत्या त्या नोंदीवर विसंबू नका. व्हिडिओ असेल तर डोंगराची कड, विहिरीचा कठडा, सावलीची लांबी जुळवा, आणि मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीतून मूळ तारीख आणि जागा गेलेली असते.

उदाहरण मालीच्या अल्जेरिया सीमेवरच्या तिनझाउआतेनचं. २५ ऑगस्ट २०२४ ला मालीच्या ड्रोन हल्ल्यात २१ नागरिक गेले, त्यांत ११ मुलं, असं बंडखोरांच्या प्रवक्त्याने सांगितलं. लष्कर म्हणालं, दहशतवादी मारले. महिन्याभरापूर्वी याच भागात लष्कर आणि वॅग्नर या रशियन भाडोत्री दलाच्या ताफ्याचा मोठा पराभव झाला होता. ही पार्श्वभूमी लिहा, पण तिला पुरावा समजू नका. मुलांची वयं आणि नावं कुठे आहेत, ते शोधा.

पाऊलखूण

खूप मदत झाली. एक शंका : सगळं 'सैन्य विरुद्ध तुआरेग' असंच मांडायचं का?

नोंदवही

नाही, तिथेच बऱ्याच लेखांचा तोल जातो. मालीच्या सैन्यात तुआरेग अधिकारी होते, सरकारच्या बाजूने लढणारे तुआरेग गटही होते. १९९४ मध्ये मालीत उभी राहिलेली गांदा कॉय ही प्रामुख्याने सोंघाई समाजातल्या लोकांची सशस्त्र टोळी. तिच्या हत्या सैन्याच्या खात्यावर टाकू नका, पण सैन्याने तिला कुठे मोकळं रान दिलं ते जरूर पाहा. एप्रिल २०१८ मध्ये मालीच्या मेनाका भागात ४० हून अधिक तुआरेग मारले गेले, तो आरोप जिहादी गटांवर आहे. तिथेही क्रम सूडाचाच दिसतो : स्थानिक तुआरेग गट त्यांच्याविरुद्ध मोहिमेत उतरले होते, आणि त्याची किंमत बिऱ्हाडांनी मोजली.

२०१२ ते जानेवारी २०१८ या काळासाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाचा २०२० मधला अहवाल आधी वाचा. सैन्य, जिहादी, सशस्त्र गट सगळ्यांचे गुन्हे त्यात वेगवेगळे मांडले आहेत. तुमच्या टिपणातही प्रत्येक घटनेला 'कुणी केलं' हा वेगळा रकाना ठेवा, आणि माहिती नसेल तिथे तो रिकामाच राहू द्या.