‘अर्ध्या तासात मिंट टाका’ हा सल्ला नवशिक्याला देऊ नका

कळफलक: इथे कुणीतरी लिहिलंय, "विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या-सातव्या पिढीच्या आय-फाइव्हवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) टाका, अर्ध्या तासाचं काम, आजीलाही जमेल." चढायला अर्धा तास पुरतो, मान्य. पण त्याआधीचं कोण सांगणार? सी ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर इन्स्टॉलर विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) लहान करू शकत नाही, तिथेच अडतो. आधी ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा, मग बिटलॉकर बंद करून डिक्रिप्शन (कुलूप निघणं) पूर्ण होऊ द्या. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज पुरतं बंदच होत नाही. मग मिंटमधून डी ड्राइव्ह उघडतो, पण त्यात काही सेव्ह होत नाही. नवशिक्याला वाटतं डिस्क गेली. आणि "इरेज डिस्क" निवडलं तर सी-सोबत डीसुद्धा साफ, कारण बहुतेक लॅपटॉपांत ती एकच डिस्क असते. आजीचे फोटो परत कोण आणून देणार?

मिंटकर: ते मीच लिहिलंय. तुम्ही लोकांना घाबरवताय. इन्स्टॉल करायच्या आधी लाइव्ह, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच, चालवायचं असतं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यावर रुफस या प्रोग्रॅमने मिंटची आयएसओ फाइल, सुरू होताना पेनड्राइव्ह निवडायला बऱ्याच लॅपटॉपांवर एफ१२ (एचपीवर एफ९). वायफाय, आवाज, प्रिंटर तपासा, झाकण मिटून पुन्हा उघडून बघा. ब्रॉडकॉमची चिप असेल तर वायफाय दिसणार नाही. फोन केबलने जोडून इंटरनेट द्या आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या.

छापखाना: हे सगळं ठीक. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या मराठी फाइलींचं काय? त्यावर कुणी बोलतच नाही.

मिंटकर: फॉन्टच्या टीटीएफ फाइलवर डबल क्लिक करून फॉन्ट इन्स्टॉल करा, मजकूर दिसेल.

छापखाना: दिसेल हो! दिसणं म्हणजे काम होणं नव्हे. त्या फाइलीत "काम" हा शब्द डी, के, ई या तीन रोमन अक्षरांनी साठवलेला असतो. फॉन्ट काढला की तेच उरतं, शोधलं तर सापडत नाही. युनिकोड (आज सगळीकडे चालणारी अक्षरसंहिता) करणारा कन्व्हर्टर लावला तर पहिली वेलांटी आणि रफार तपासावेच लागतात, कारण कृतिदेवमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर येते.

वेलांटी: म्हणूनच इनस्क्रिप्ट (युनिकोडचा प्रमाण भारतीय कळफलक) शिका. विंडोज, मिंट, मॅक, तिन्हीकडे तोच कळफलक. "दर्या" आणि "दऱ्या" हा फरकही नीट येतो: साधा र जे-वर, नुक्त्याचा ऱ शिफ्ट-जे वर, हलन्त डी-वर. ळ शिफ्ट-एन.

छापखाना: ज्याच्या बोटांत रेमिंग्टन (जुन्या टाइपरायटरचा कळफलक) बसलंय त्याने चाळिशीनंतर बोटं बदलायची? रोज वीस पानं टंकणाऱ्याला हे सांगणं अन्याय आहे.

वेलांटी: बदलू नका. मिंटमध्ये आयबस-एम१७एन (कळफलक पुरवणारा प्रोग्रॅम) बसवा, त्यात रेमिंग्टन हिंदीच्या नावाखाली मिळतं. अक्षरं मात्र युनिकोडच उमटतात.

छापखाना: हे आधी सांगायला हवं होतं. बघतो. पण जुन्या फाइलींचा प्रश्न तसाच आहे.

कळफलक: धागा टंकलेखनावर गेला, पण नवशिक्या नेमका इथेच परत फिरतो. मिंटकर, "अर्धा तास" मागे घ्या.

मिंटकर: बरं, घेतला. तयारीला एक शनिवार-रविवार धरा. पण तुमचं बिटलॉकर आणि पार्टिशनचं प्रकरण टाळता येतं. २५६ जीबीची साटा एसएसडी (नवी डिस्क) घ्या, जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, नवीवर मिंट टाका. जमलं नाही तर स्क्रू उघडून जुनी डिस्क परत लावायची, विंडोज होतं तसं आहे.

छापखाना: आणि कृतिदेवच्या फाइली त्या जुन्या डिस्कवरच राहू देत. डिस्कवर तारीख लिहून ठेवा.