स्फिंक्सच्या मेकफाइलमध्ये `?=` ठेवावं की काढावं?

बिल्डवाली
माझं मत: डॉक्युमेंटेशन तयार करणाऱ्या स्फिंक्स या टूलच्या मेकफाइलमधून (`मेक` वाचतं त्या बिल्डच्या सूचनांच्या फाइलमधून) `?=` काढून टाकावं. `?=` म्हणजे व्हेरिएबल आधी डिफाइन नसेल तरच ही व्हॅल्यू द्या; साधं `=` मात्र शेलच्या एन्व्हायरन्मेंटमध्ये काही असलं तरी आपलीच व्हॅल्यू देतं. स्फिंक्स-क्विकस्टार्ट जी फाइल तयार करून देतं, तिच्यात स्फिंक्सऑप्ट्स (स्फिंक्सला द्यायचे फ्लॅग) आणि स्फिंक्सबिल्ड (चालवायची कमांड) `?=` ने येतात, सोर्सडिर आणि बिल्डडिर साध्या `=` ने. पुढे कोणीतरी `स्फिंक्सऑप्ट्स ?= -डब्ल्यू` करतं, म्हणजे वॉर्निंग आली की बिल्ड फेल. पण ज्याच्या शेलमध्ये आधीच `स्फिंक्सऑप्ट्स=-जे४` एक्सपोर्ट केलेलं असतं, त्याच्याकडे `-डब्ल्यू` लागूच होत नाही. क्रॉस-रेफरन्स तुटलेले, तरी बिल्ड पास.

रिकामी व्हॅल्यू तर आणखी घातक. सीआयच्या (आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या सिस्टिमच्या) यॅमल सेटिंग फाइलमधून स्फिंक्सबिल्डला रिकामी स्ट्रिंग गेली, तरी मेकच्या लेखी ते डिफाइन झालेलं असतं, म्हणून `?=` हात लावत नाही. रेसिपी (मेक चालवतं ती कमांडची ओळ) उलगडल्यावर उरतं `@ -एम एचटीएमएल …`. त्यातलं `-` मेक ‘एररकडे दुर्लक्ष कर’ असं वाचतं आणि `एम` नावाची कमांड शोधायला जातं. लॉगमध्ये `एम` सापडत नसल्याची ओळ, एरर १२७, पुढे कंसात ‘इग्नोअर्ड’, आणि एक्झिट कोड ०, म्हणजे ‘यशस्वी’. सीआय हिरवं, पान एकही नाही.

शेलकर
असहमत. दोष `?=` चा नाही. सक्तीचा फ्लॅग वापरणाऱ्याच्या व्हेरिएबलमध्ये कोंबला, तिथेच चूक झाली. ग्नूच्या कोडिंग स्टँडर्ड्समध्ये सीफ्लॅग्ज या सी कंपायलरच्या फ्लॅगच्या व्हेरिएबलबद्दल हेच सांगितलंय: ते वापरणाऱ्याचं, तुमचे आवश्यक फ्लॅग वेगळे ठेवा. इथेही तसंच करा:

`स्फिंक्सऑप्ट्स ?=`
`सर्वऑप्ट्स = -डब्ल्यू --कीप-गोइंग $(स्फिंक्सऑप्ट्स)`

आणि रेसिपीत `$(सर्वऑप्ट्स)` वापरा. `?=` काढलंत तर वेगळ्या व्हर्च्युअल एन्व्हायरन्मेंटमधलं (पायथनच्या स्वतंत्र इन्स्टॉलेशनमधलं) स्फिंक्स वापरणारे `मेक -ई` कडे वळतील. त्याने शेलमधलं जवळपास प्रत्येक व्हेरिएबल मेकफाइलवर कुरघोडी करतं. तो उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट.

बिल्डवाली
`-ई` कशाला? `मेक एचटीएमएल स्फिंक्सबिल्ड=…` असं कमांड लाइनवर देता येतं की. काय दिलंय ते लॉगमध्येही दिसतं.

शेलकर
कमांड लाइनची व्हॅल्यू सगळ्यांत वरचढ असते, हीच तिची अडचण. मेकफाइलमध्ये `स्फिंक्सऑप्ट्स += -एन` असेल आणि कोणी कमांड लाइनवर `स्फिंक्सऑप्ट्स=-व्ही` दिलं, तर `+=` ची (आधीच्या व्हॅल्यूला जोडणारी) ओळ मुकाट्याने वाया जाते. समोर `ओव्हरराइड` लावलं तरच चालते. एन्व्हायरन्मेंटमधल्या व्हॅल्यूला मात्र `+=` व्यवस्थित जोडलं जातं. तात्पुरत्या फ्लॅगसाठी स्फिंक्सने `ओ` ठेवलाय: `मेक एचटीएमएल ओ="-व्ही"`. लिनक्स कर्नलच्या `मेक एचटीएमएलडॉक्स` मध्ये मात्र `ओ` म्हणजे आउटपुट डिरेक्टरी, तिथे हे करू नका.

टॅबकी
दोघांनीही आधी व्हॅल्यू कुठून आली ते छापावं. मेकफाइलच्या तळाशी ही ओळ टाका:

`$(वॉर्निंग [$(स्फिंक्सऑप्ट्स)] $(ओरिजिन स्फिंक्सऑप्ट्स) $(फ्लेव्हर स्फिंक्सऑप्ट्स))`

`ओरिजिन` ‘फाइल’, ‘एन्व्हायरन्मेंट’, ‘कमांड लाइन’ असं स्पष्ट सांगतं. `मेक -एन एचटीएमएल` ने (इथे `-एन` मेकचा: कमांड न चालवता फक्त दाखव) उलगडलेली कमांड दिसते. `--वॉर्न-अनडिफाइन्ड-व्हेरिएबल्स` स्पेलिंगच्या चुका पकडतं, रिकाम्या व्हॅल्यू पकडत नाही.

चौकोनी कंस मुद्दाम आहेत. `बिल्डडिर = _बिल्ड  # आउटपुट` असं लिहिलं की कॉमेंटच्या आधीच्या स्पेस व्हॅल्यूतच राहतात. रेसिपीत बिल्डडिर अवतरणात असल्यामुळे शेल त्या गाळत नाही, आणि शेवटी स्पेस असलेली वेगळीच डिरेक्टरी तयार होते. डिप्लॉयची पायरी `_बिल्ड/एचटीएमएल` शोधत बसते. कॉमेंट नेहमी वरच्या ओळीवर लिहा.

दुसरा सापळा `इन्क्लूड व्हर्जन.एमके`, म्हणजे दुसरी फाइल मेकफाइलमध्ये ओढून घेणं. तळाचा `%: मेकफाइल` हा कोणत्याही नावाला लागू पडणारा नियम त्या फाइललाही लागू पडतो. मेक ती नव्याने बनवायला `स्फिंक्स-बिल्ड -एम व्हर्जन.एमके` चालवतं आणि स्फिंक्स म्हणतं, असा बिल्डर (आउटपुटचा प्रकार) नाही. `व्हर्जन.एमके: ;` हा रिकामा नियम दिला की थांबतं.

बिल्डवाली
सर्वऑप्ट्स वेगळं ठेवणं मान्य. पण रिकाम्या स्फिंक्सबिल्डचं उत्तर अजून मिळालेलं नाही, आणि त्याची तपासणी नसेल तर `?=` ला माझा विरोध कायम.

शेलकर
ती तपासणी हवीच. `?=` च्या खाली:

`इफईक्यू ($(स्ट्रिप $(स्फिंक्सबिल्ड)),)`
`$(एरर स्फिंक्सबिल्ड रिकामं आहे: $(ओरिजिन स्फिंक्सबिल्ड))`
`एन्डइफ`

मधल्या ओळीआधी टॅब देऊ नका. गुपचूप डीफॉल्ट भरण्यापेक्षा इथे बिल्ड थांबलेलं बरं. एरर आली की एक्झिट कोड २ येतो आणि सीआय लाल होतं.