एन्टँगलमेंट: गुंता की घडी?

क्वांटम एन्टँगलमेंटवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. 'गुंता' चालेल का? मला खटकतो. गुंता म्हटलं की केस नाहीतर दोरा डोळ्यांपुढे येतो आणि हात सोडवायला शिवशिवतात. इथे सोडवायचं काय? दोन फोटॉनांची, म्हणजे प्रकाशकणांची, मिळून एकच अवस्था असते, एकेकट्याची वेगळी सांगताच येत नाही.

— भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरने १९३५ साली इंग्रजीत 'एन्टँगलमेंट' आणि जर्मनमध्ये 'फेरश्रेंकुंग' वापरला. जर्मन शब्दात गुंता नाही. हात एकमेकांत अडकवून उभं राहणं, म्हणजे आपली हाताची घडी, याला तेच क्रियापद आहे. टाळीसारखी घडीही एका हाताने होत नाही! (हाताची घडी घातल्यावर तोंडावर बोट कुठल्या हाताने ठेवायचं, हे शाळेत कोणी सांगितलं नाही, ते असो.)

— घडी उलगडता येते आणि परत तशीच घालताही येते. मोजमाप केलं की एन्टँगलमेंट तुटतं, ते उलट फिरवता येत नाही.

— पण नव्या साडीची आपण घडी 'मोडतो'. एकदा मोडली की साडी कोरी राहत नाही. मोजमाप म्हणजे घडी मोडणं!

— वा! लेखात काळाचा भाग आहे का? कारण 'घडीभर थांब' मधली घडी म्हणजे घटका, २४ मिनिटं. लग्नात पाण्यावर घटिकापात्र ठेवत, ते बुडलं की एक घटका झाली. पेज आणि वूटर्स या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडलं, की सबंध विश्वाची अवस्था स्थिरच असेल. त्यातला एक भाग घड्याळ मानला, तर एन्टँगलमेंटमुळे उरलेल्या भागात बदल दिसतो. म्हणजे वेळ आतल्यांपुरती. २०१३ मध्ये इटलीत तुरिनला दोन फोटॉनांवर हे करून दाखवलं, त्यातला एक फोटॉन घड्याळ होता. थोडक्यात, एका घडीतून दुसरी घडी! दोन्ही शब्दांचं मूळ एकच, असा माझा दावा नाही हं.

— कोटी झकास आहे, पण 'घडी बसली', 'संसाराची घडी' वाचणाऱ्याला भलतंच वाटेल. मला 'गुंफण' बरा वाटतो. त्यात सोडवण्याची घाई नाही.

— पटलं. पहिल्यांदा एन्टँगलमेंट, पुढे गुंफण. घडी फक्त काळाच्या परिच्छेदात घेते, आणि साडीचं उदाहरण ढापतेय.